विजेचे जाल आणि शिकणारा मेंदू

(नाशिक येथे विद्यार्थी व नागरिक यांच्यासमोर एका निवृत्त वीज अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मेंदूच्या शिकण्याच्या रीतीवरून बेतलेली यंत्रे विजेचे जाल चालवू शकतील काय, असा विषय संयोजकांनी मला दिला. घरी तो सांगितला तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "म्हणजे आता वीज गेली तर वायरमनला फोन करायचा की यंत्राला?" प्रश्न थट्टेचा होता, पण जबाबदारी कोणाची, हाच त्याचा गाभा होता, आणि आजच्या विषयाचा गाभाही तोच आहे. त्याकडे मी शेवटी येईन. आधी जाल म्हणजे काय ते पाहू.

नाशिककरांना वीजनिर्मिती म्हणजे काय हे चित्र काढून सांगावे लागत नाही. नाशिकरोडहून थोडे पुढे गेले की एकलहऱ्याची धुरांडी दिसतात. सत्तरच्या दशकाच्या आरंभी उभे राहिलेले तेथील पहिले दोन संच निवृत्त झाले. आता २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. चालू संचाचे चक्र मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातील विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ म्हणतात ती हीच. विशेष हे की एकलहऱ्याचे चक्र एकटे फिरत नाही. कोराडी, चंद्रपूर, सिंगरौली, रामगुंडम येथील चक्रेही त्याच तालावर फिरतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, दक्षिणेचे जाल उर्वरित देशाशी एकतालात आले आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वारंवारिता झाली. आपल्या सोलापूरच्या भूमीवर हा सांधा जुळला, याची आठवण फार थोड्यांना आहे.

आता यातली अडचण पाहा. तारेत वीज साठत नाही. ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी कुठले तरी जनित्र तेवढी अधिक वीज देते. मागणी वाढली आणि निर्मिती वाढली नाही, तर देशभरातील चक्रांची गती किंचित मंदावते आणि वारंवारिता घसरते. मागणी घटली तर ती चढते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात ठेवायची असते. २०२२ पासून देशाच्या नियंत्रण केंद्रातून निवडक वीज केंद्रांना दर चार सेकंदांनी 'वाढवा', 'कमी करा' असे स्वयंचलित संदेश जातात. परंतु कोणत्या वाहिनीवर किती भार टाकायचा, कोणते उपकरण केव्हा जोडायचे वा सोडायचे, हे अजूनही मुख्यतः माणूस ठरवतो. तो ते कसे ठरवतो?

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतील गोष्ट सांगतो. आमच्या उपकेंद्रात एक वयस्क ऑपरेटर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शिक्षण बेताचे, पण हात आणि डोळा तयार. मृगाचे दिवस होते. रात्रपाळीला अण्णांनी अचानक दिंडोरीकडच्या उपकेंद्राला फोन लावला आणि विचारले, "पाऊस आहे का तिकडे?" पलीकडून होकार आला. फोन ठेवून ते मला म्हणाले, "साहेब, कपॅसिटर काढून घेऊ या का?" मी मीटर पाहिला; व्होल्टेज अगदी ठीक होते. मी म्हणालो, "अण्णा, आत्ता कशाला? सगळे जागेवर आहे." ते गप्प बसले. वीस मिनिटांत निफाड-दिंडोरी भागातले शेतीपंप एकापाठोपाठ एक बंद होऊ लागले, भार कोसळला आणि लांबलचक वाहिन्यांवरचे व्होल्टेज चढत गेले. मग माझी धावपळ सुरू झाली. अण्णा मात्र आधीच कपॅसिटरच्या ब्रेकरपाशी जाऊन उभे होते.

अण्णांना हे कोणी शिकवले? नियमावलीत 'दिंडोरीत पाऊस पडल्यास' असे कलम नाही. वीस-पंचवीस पावसाळे पाहून त्यांच्या मेंदूने दोन गोष्टींची गाठ मारली होती. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये शिकण्याविषयी जो सिद्धांत मांडला, त्याचे सार एवढेच की ज्या चेतापेशी वारंवार एकाच वेळी उद्दीपित होतात, त्यांच्यातील दुवा बळकट होतो. त्याआधी १९४३ मध्ये मॅक्कलक आणि पिट्स यांनी चेतापेशीचे गणिती रूप मांडले होते. पुढे या कल्पनांतून संगणकावरची कृत्रिम चेताजाले तयार झाली. त्यांच्यात नियम लिहिलेले नसतात. असतात केवळ दुवे आणि त्या दुव्यांची बळे. उत्तर चुकले की चूक मागे-मागे नेऊन प्रत्येक दुव्याचे बळ थोडे बदलायचे. असे लाखो वेळा केले की जाल 'शिकते'. या क्षेत्रातील कामासाठी जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विजेच्या जालात याची गरज का भासावी? कारण आपली बहुतेक संरक्षक यंत्रे ठरावीक मर्यादेवर चालतात, आणि परिस्थिती त्या मर्यादा आखणाऱ्याच्या कल्पनेबाहेर गेली की ती नियम पाळूनही घात करतात. ३० जुलै २०१२ ची रात्र आठवा. उत्तर भारतात पाऊस रुसला होता, पंप जोरात चालू होते. पश्चिमेकडे वीज शिल्लक होती आणि ती उत्तरेकडे वाहत होती. बीना-ग्वाल्हेर मार्गावरील एक वाहिनी क्षमता वाढवण्याच्या कामासाठी बंद होती. रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी दुसरी, ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुटली. तीवर कोणताही दोष नव्हता! झाड पडले नव्हते, वीज कोसळली नव्हती. रिले व्होल्टेजला विद्युतप्रवाहाने भागून पाहतो. भागाकार फार लहान आला की वाहिनीत बिघाड आहे असे समजून ती तोडतो. त्या रात्री भार इतका जड आणि व्होल्टेज इतके खालावलेले होते, की बिघाड नसतानाही भागाकार तसाच आला. रिलेने आपले कर्तव्य चोख बजावले आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पुन्हा त्याच भागातून आरंभ होऊन उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाले कोसळली. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली. पश्चिमेचे, म्हणजे आपले जाल मात्र तरले.

२०१२ चे संकट शिकणारी यंत्रे नव्हती म्हणून आले, असे मात्र मी म्हणणार नाही. काही राज्यांनी वाट्यापेक्षा अधिक वीज ओढली, वारंवार सूचना देऊनही भार कमी केला नाही. हा शिस्तीचा प्रश्न होता, आणि शिस्तीला यंत्र हा पर्याय नाही. तरीही एक गोष्ट खरी, की त्या रिलेला केवळ आपल्या वाहिनीचे दिसत होते. सर्वांगाचे भान त्याला नव्हते. शरीरात बोटाला चटका बसला तर बोट मागे येते, ते मेंदूपर्यंत न जाताही येते. पण पायाखाली खोल दरी असेल तर मेंदू तो झटका आवरूही शकतो. जालाला बोटे होती, मज्जातंतू फार थोडे होते.

हे मज्जातंतू देणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. डॉ. अरुण फडके हे १९३८ मध्ये ग्वाल्हेर येथे जन्मले, खरगपूरच्या आय.आय.टी.त शिकले, पुढे अमेरिकेत गेले. (योगायोग पाहा, २०१२ मध्ये जी वाहिनी तुटली ती त्यांच्याच जन्मगावाची!) १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्यांनी आणि जेम्स थॉर्प यांनी फेझर मापन यंत्र घडवले. उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून घेऊन हे यंत्र शेकडो मैलांवरच्या दोन उपकेंद्रांतील विजेच्या लहरी एकाच क्षणी मोजते आणि त्यांच्यातील कोनाचा फरक सांगते. जुन्या पद्धतीत नियंत्रण केंद्राला काही सेकंदांनी एक आकडा मिळे. या यंत्रातून सेकंदाला पंचवीस-पन्नास मिळतात. कोन वाढत चालला, म्हणजे दोन प्रदेश एकमेकांपासून ताणले जात आहेत, हे आधी कळते. २००८ मध्ये या दोघांना फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेचे पदक मिळाले. आज भारतातही अशी यंत्रे मोठ्या संख्येने बसली आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तील अभ्यासकांनी तर साध्या घरगुती प्लगमधून वारंवारिता मोजून देशभरच्या जालाचे स्पंदन टिपण्याचा उपक्रम केला.

मज्जातंतू आले, पण सेकंदाला पन्नास आकडे, शेकडो ठिकाणांहून! माणसाचा डोळा ते वाचणार कसा? येथे शिकणाऱ्या यंत्रांचा विचार पुढे आला. डॉ. गणेश कुमार वेनयगमूर्ती यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दक्षिण आफ्रिकेतील डरबनच्या विद्यापीठात छोट्या प्रायोगिक जनित्रांवर चेताजालाने नियंत्रण करून पाहिले. त्यांची रीत मला फार आवडते. त्यात दोन जाले असतात. एक कर्ता, दुसरा समीक्षक. कर्ता कृती करतो. समीक्षक त्या कृतीचा दूरवरचा परिणाम काय होईल याचा अंदाज बांधतो आणि कर्त्याला टोकतो. दोघेही शिकत जातात. नेहमीचा नियंत्रक एका विशिष्ट भारासाठी जुळवलेला असतो. परिस्थिती बदलली की तो अडखळतो. या जोडगोळीने बदललेल्या परिस्थितीतही आंदोलने लवकर शमवली, असे २००२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसते.

पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी जॉर्जिया टेकच्या स्टीव्ह पॉटर यांच्यासह आणखी धाडसी वाट धरली. उंदराच्या मेंदूतील जिवंत चेतापेशी इलेक्ट्रोड बसवलेल्या ताटलीत वाढवायच्या, संगणकावरील आभासी वीजजालाचे संकेत त्यांना विद्युतस्पंदांच्या रूपाने द्यायचे, आणि त्या काय प्रतिसाद देतात ते पाहायचे. ऐकायला हे विचित्र वाटते. काही वृत्तपत्रांनी 'उंदराचा मेंदू वीज चालवणार' अशी गंमतही केली. उद्देश तो नव्हता. जिवंत पेशी थोड्या अनुभवातून, थोड्या ऊर्जेत कशा शिकतात हे जाणून तशी गणिते रचावीत, हा होता. आपला मेंदू सुमारे वीस वॉटवर चालतो. बैठकीच्या खोलीतला एक दिवा म्हणा. त्याची थोडीशी नक्कल करणाऱ्या संगणकांना मात्र अख्ख्या गावाची वीज लागते.

फ्रान्समध्ये आर.टी.ई. या पारेषण कंपनीने २०१९ पासून स्पर्धा भरवल्या. आभासी जाल द्यायचे, त्यात वाहिन्या तोडायच्या, आणि कोणाचा संगणक जाल अधिक वेळ तगवतो ते पाहायचे. चांगल्या संगणकांनी माणसाला सहज सुचणार नाहीत अशा उपकेंद्रातील जोडण्या शोधून काढल्या. पण तो आभासी आखाडा होता, हे विसरू नये.

आता तुमच्यातील एखादा विद्यार्थी म्हणेल, "मग वाट कसली पाहता? आणा की ही यंत्रे!" त्याला मी ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवायला सांगेन. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे आपण घरातले दिवे मालवून पणत्या लावल्या. गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंतच्या गच्च्यांवरचे ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. नियंत्रण केंद्रात मात्र श्वास रोखला गेला होता. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१ हजारांहून अधिक घटली! अंदाजाच्या दुपटीहून अधिक. काही मिनिटांत १ लाख १७ हजारांवरून सुमारे ८५ हजारांवर, आणि लगेच पुन्हा वर. तरीही वारंवारिता ४९.७ ते ५०.२६ या पट्ट्यात राहिली आणि एकही जाल कोसळले नाही. कारण अंदाज चुकू शकतो हे धरून तयारी केली होती. जलविद्युत संच आधी पूर्ण चालवून ठेवले होते; त्यांची निर्मिती १७ हजार मेगावॉटहून अधिक उतरवली आणि मग पुन्हा चढवली. अशी रात्र त्याआधी देशाच्या इतिहासात झालेली नव्हती. भूतकाळातील आकड्यांवर शिकलेल्या यंत्राच्या अनुभवात ती असणार कोठून? माणसालाही अनुभव नव्हता. पण 'मला अनुभव नाही' हे त्याला ठाऊक होते. शिकाऊ यंत्राला हेच अद्याप नीट कळत नाही. ते अनोळखी प्रसंगीही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातलीच आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. रात्री चालणारे शेतीपंप दिवसा, सौरऊर्जेवर चालवण्याकडे आपण निघालो आहोत. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री साप-विंचवांत जावे लागू नये, यासाठी हे फार आवश्यक होते. पण आता अण्णांचा नियम लावून पाहा. पूर्वी दिंडोरीवर ढग आला की भार घटे, आणि व्होल्टेज चढे. आता तोच ढग पंपही बंद करतो आणि सौर निर्मितीही बुडवतो. व्होल्टेज चढेल की उतरेल? ढग आधी सौरपट्ट्यांवर आला की शेतावर, यावर ते अवलंबून. अण्णा आज असते तर तेही चुकले असते. जुन्या वीस वर्षांच्या आकड्यांवर शिकवलेले यंत्रही तसेच चुकेल. २८ एप्रिल २०२५ रोजी भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, ते व्होल्टेज आवरेनासे होऊन चढत गेल्यामुळे. मुबलक सूर्यप्रकाशाचा तो दिवस होता.

म्हणून शिकणे एकदाच करून भागत नाही, सतत शिकावे लागते. कृत्रिम चेताजालाचा एक मोठा दोष येथे आडवा येतो. नवे शिकवले की ते जुने पुसून टाकते. उन्हाळा शिकवला की पावसाळा विसरते. मेंदू असे करत नाही; दिवसाचे अनुभव तो झोपेत पुन्हा उजळवतो आणि जुन्यात मुरवतो, असे संशोधकांचे मत आहे. ही मुरवण्याची कला यंत्राला पुरती साधेपर्यंत त्याने सल्लागार असावे, कारभारी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ढग कुठे आहे, भार किती घटेल, कोणत्या रोहित्रावर ताण येईल हे यंत्राने सांगावे. ब्रेकरवर हात माणसाचा असावा. आणि वाहिनीत खरा बिघाड झाला, तर सेकंदाच्या दहाव्या भागात ती तोडण्याचे काम जुन्या, ठरावीक नियमाच्या रिलेकडेच राहू द्यावे. तेथे विचाराला अवकाश नाही.

जबाबदारीचा जो प्रश्न आरंभी घरातून आला, त्याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली. कळवा-पडघे परिसरातील वाहिन्या सुटल्या आणि शहराला वेगळे काढून वाचवण्याची जुनी व्यवस्थाही त्या दिवशी तरली नाही. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक सांगितली. कोणाचे खरे, हा वाद मी येथे सोडवत नाही. पण विचार करा, माणूस असताना जर कारणावर एकमत होत नाही, तर ज्याने का निर्णय घेतला हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही, अशा यंत्राच्या हाती कळ दिल्यावर चौकशी समिती कोणाला बोलावणार? आणि ते यंत्र परक्या देशात, परक्या आकड्यांवर शिकलेले असेल तर? आपल्या जालाचे आकडे, आपला पाऊस, आपले पंप यांवर शिकलेले यंत्र आपल्या अभियंत्यांनीच घडवले पाहिजे. नाशिकला ते अशक्य नाही. सातपूर-अंबडमध्ये देशाला पुरवठा करणारे स्विचगिअर बनते, शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आली आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर गणतीच नाही.

उणीव आहे ती शिकवण्याच्या सामग्रीची. काही वर्षांपूर्वी एका उपकेंद्रात गेलो होतो. नाव सांगत नाही. तेथे जुन्या नोंदवह्यांचा ढीग रद्दीवाल्याच्या तराजूवर चढत होता. दर तासाचे व्होल्टेज, भार, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे : 'पाऊस सुरू', 'द्राक्षबागांना पाणी, भार जास्त', 'लक्ष्मीपूजन'. मी विनंती केली, पण वजन आधीच झाले होते. चार वह्या मी पैसे देऊन विकत घेतल्या. त्या आज येथे टेबलावर ठेवल्या आहेत. व्याख्यानानंतर विद्यार्थ्यांनी त्या अवश्य चाळाव्यात. एका वहीत अण्णांचे अक्षर आहे. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी वीज मंडळातून निवृत्त झालेले वडील, काका, आजोबा असतील, त्यांनी त्यांच्याजवळ वही-पेन घेऊन बसावे आणि पाऊस येण्याआधी ते कोणाला फोन लावत असत, एवढे विचारून लिहून घ्यावे. मी दोघांकडून असे लिहून घेतले आहे. तिसरे सिन्नरला असतात, येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.